काळ्या दाण्यातला कोळसा : प्लास्टिकच्या बळकटीसाठी जैवकोळसा

प्लास्टिकमध्ये दुसरे काहीतरी मिसळून ते वापरण्याची रीत प्लास्टिकइतकीच जुनी आहे. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट तयार केले तेव्हा नुसती राळ ठिसूळ पडते हे लगेच ध्यानात आले आणि तिच्यात लाकडाचा भुसा घालूनच ती बाजारात आली. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९०४ मध्ये, लंडनजवळच्या सिल्व्हरटाउन येथील रबर कारखान्यात एस. सी. मोट यांनी काजळी मिसळलेले रबर कितीतरी पटींनी कणखर होते असे दाखवले होते, आणि जगभरच्या गाड्यांचे टायर काळे होण्यामागे हाच शोध आहे. अशा मिसळलेल्या पदार्थाला उद्योगात फिलर म्हणतात आणि मराठीत भरद्रव्य म्हणता येईल. मूळ प्लास्टिक किंवा रबर, म्हणजे पॉलिमर, व भरद्रव्य यांच्या एकत्रित रूपाला संमिश्र असे नाव आहे. भरद्रव्य दोन हेतूंनी घातले जाते. एकतर महागड्या पॉलिमरची जागा स्वस्त पदार्थाने भरून काढायची असते, किंवा वस्तूची बळकटी वाढवायची असते, आणि या दोन हेतूंची गल्लत झाली की पुढच्या सगळ्या चर्चेची गल्लत होते. शेतातल्या व स्वयंपाकघरातल्या काडीकचऱ्यापासून पाडलेला कोळसा, म्हणजे जैवकोळसा किंवा बायोचार, हे असेच एक भरद्रव्य असून गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याच्याविषयी भरपूर संशोधन आणि त्याहून थोडा जास्त उत्साह जमा झाला आहे.

कोळसा पाडणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. रायगड-ठाण्याच्या जंगलपट्ट्यात कातकरी कुटुंबे ठेकेदारांच्या भट्ट्यांवर राबत आली आणि त्या भट्ट्यांचा माल गिरगाव, परळ, लालबागच्या वखारींतून चाळींच्या शेगड्यांपर्यंत पोहोचत असे. जैवकोळशाची रसायनशास्त्रीय प्रक्रिया तीच असते, मात्र ती मोजूनमापून केलेली असते : कोरडा जैविक कचरा प्राणवायूशिवाय, किंवा अगदी तुटपुंज्या प्राणवायूत, साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला जातो, त्यातली वाफ, वायू आणि डांबरासारखे द्रव निघून जातात आणि मागे कार्बनप्रधान, सच्छिद्र घन पदार्थ उरतो. या क्रियेला उष्माविघटन म्हणतात. तापमान सावकाश वाढवले तर कोरड्या कचऱ्याच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के कोळसा हाती येतो. तापमान जितके चढवावे तितका कोळसा कमी मिळतो पण त्यातला कार्बन वाढतो, आणि तो ६० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणूनच ‘जैवकोळसा’ हे एका पदार्थाचे नाव मानून कुणी निष्कर्ष मांडले की ते निष्कर्ष जपून वाचावे लागतात. नारळाच्या करवंटीचा ७०० अंशांवरचा कोळसा आणि भाताच्या तुसाचा ४०० अंशांवरचा कोळसा यांच्यात नावाखेरीज साम्य थोडेच असते.

बळकटी म्हणजे नेमके काय, हा प्रश्न यात कळीचा आहे. अभियंता निदान तीन गोष्टी वेगळ्या मोजतो. ताठरपणा म्हणजे भार आला असता वस्तू किती कमी वाकते किंवा ताणली जाते. ताणबल म्हणजे तुटण्यापूर्वी ती जास्तीत जास्त किती ताण सोसते. आणि चिवटपणा म्हणजे धक्का बसला असता ती किती ऊर्जा पचवून शाबूत राहते. जैवकोळशाचे कण पॉलिप्रॉपिलीनसारख्या मऊसर पॉलिमरपेक्षा कडक असल्यामुळे ताठरपणा जवळजवळ प्रत्येक प्रयोगात वाढलेला दिसतो. ताणबलाची कहाणी इतकी सरळ नाही : कणांवर पॉलिमरची पकड चांगली असेल तर ते थोडे वाढते, बऱ्याचदा आहे तिथेच राहते, आणि कण जाडसर किंवा गोळे झालेले असतील तर घटते. चिवटपणा मात्र बहुतेक वेळा कमीच होतो, कारण प्रत्येक कडक कणाची कड हा भेगेला सुरुवात करून देणारा बिंदू असतो, आणि तुटण्यापूर्वी पॉलिमर जे लांबवर ताणले जात असे ते ताणणे कोळसा मिसळल्यावर फार आखडते. त्यामुळे जैवकोळशाने प्लास्टिक ‘मजबूत’ होते हे सरसकट विधान खरे नाही. ते ताठ होते, आणि ताठपणाची किंमत बहुधा ठिसूळपणाने मोजावी लागते. काचतंतूशी त्याची तुलना करणेही योग्य नव्हे. काचेच्या तंतूचा ताठरपणा सुमारे ७० गिगापास्कल असतो आणि तो तंतू जाडीच्या कित्येक पट लांब असल्याने पॉलिमरवरचा भार लांबवर वाहून नेतो, तर दळलेल्या कोळशाचा कण ओबडधोबड, जवळपास चौफेर सारखाच, आणि भार वाहण्याच्या कामी म्हणूनच मर्यादित असतो. त्याचे खरे प्रतिस्पर्धी शंखजिरे, म्हणजे टाल्क, आणि खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, हे आहेत.

या प्रतिस्पर्ध्यांपुढे जैवकोळशाची एक बाजू निर्विवाद वरचढ आहे, ती हलकेपणाची. पॉलिप्रॉपिलीनची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.९०५ ग्रॅम, शंखजिऱ्याची सुमारे २.७५ आणि जैवकोळशाच्या घन भागाची साधारण दीड ग्रॅम धरली, तर वजनाने २० टक्के शंखजिरे घातलेल्या पॉलिप्रॉपिलीनची घनता १.०४ च्या आसपास जाते आणि तेवढाच कोळसा घातलेल्याची ०.९८ राहते, म्हणजे त्याच आकाराची वस्तू सुमारे सहा टक्क्यांनी हलकी होते. वाहनाच्या सुट्या भागांत सहा टक्के ही क्षुल्लक गोष्ट नाही. मात्र याच हिशेबात एक खाच दडलेली आहे आणि बरेच शोधनिबंध तिच्यावरून अलगद पुढे जातात. वजनाने २० टक्के शंखजिरे वस्तूच्या आकारमानाचा जेमतेम साडेसात टक्के भाग व्यापते, आणि तेवढ्याच वजनाचा कोळसा तेरा टक्के व्यापतो. संमिश्राचा ताठरपणा कणांच्या वजनापेक्षा त्यांनी व्यापलेल्या आकारमानावर ठरतो, तेव्हा सारख्या वजनाची तुलना कोळशाला आयती सवलत देते. सारख्या आकारमानाने तुलना केली की शंखजिऱ्याच्या चपट्या पापुद्र्यांचे ताठरपणातले वर्चस्व पुन्हा स्पष्ट दिसू लागते.

पॉलिमर आणि कण यांची पकड कशी बसते यावर या क्षेत्रातले सर्वांत मोलाचे काम झाले आहे. कोळसा सच्छिद्र असतो, आणि वितळलेले पॉलिमर त्या छिद्रांत शिरून थंड झाले की कण खुंटी मारल्यासारखा पक्का बसतो. ही यांत्रिक पकड. दुसरी पकड रासायनिक असते, आणि ती पृष्ठभागावर उरलेल्या प्राणवायुयुक्त गटांवर अवलंबून असते. कमी तापमानावर पाडलेल्या कोळशात हे गट शिल्लक राहतात, त्यामुळे मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेल्या पॉलिप्रॉपिलीनसारखा दुवा साधणारा पदार्थ थोडा घातला की त्याची दोन्ही बाजूंशी गाठ बसते. उच्च तापमानावर पाडलेल्या कोळशात हे गट जळून जातात, पण छिद्रे वाढतात, पाणी शोषण्याची ओढ कमी होते आणि कण कडक होतो. एकाच कोळशाकडून दोन्ही लाभ पुरेपूर मिळत नाहीत, म्हणून तापमानाची निवड पॉलिमर पाहून करावी लागते. राखेचेही तसेच आहे. तुसाच्या कोळशात सिलिका भरपूर असते, जी रबरासारख्या पदार्थात उपयोगी ठरते, पण प्लास्टिक मिसळणाऱ्या यंत्राचे स्क्रू झिजवते. पालापाचोळ्याच्या राखेतले पोटॅशियमसारखे अल्कधर्मी क्षार पॉलिलॅक्टिक आम्लासारख्या जैवविघटनशील पॉलिएस्टरच्या साखळ्या वितळण्याच्या वेळीच तोडू लागतात, आणि ‘दुहेरी हरित’ म्हणून गाजावाजा झालेले मिश्रण साच्यातून बाहेर पडते तेव्हाच अशक्त झालेले असते. अशा ठिकाणी कोळसा आधी सौम्य आम्लाने धुवून घ्यावा लागतो, आणि धुण्याचा व वाळवण्याचा खर्च वस्तूच्या किमतीत येऊन बसतो.

जैवकोळशाचा सर्वांत पटणारा गुण बळकटीच्या कोष्टकात दिसतच नाही. तागाचे तंतू किंवा लाकडाचा भुसा पॉलिमरमध्ये घालण्याचे प्रयोग जुने आहेत, पण हे पदार्थ २०० अंशांच्या पुढे करपू लागतात, ओल धरतात, वास सोडतात आणि त्यांना बुरशीही लागते. कोळसा आधीच ४००-५०० अंशांवर भाजून निघालेला असल्यामुळे २२० अंशांच्या आसपास वितळणाऱ्या नायलॉन-६ मध्येही तो निर्धास्त मिसळता येतो, आणि कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात अमर मोहंती व मंजुश्री मिश्रा यांच्या गटाने नायलॉनवर जे काम केले त्याचे महत्त्व यातच आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात ओइसिक दास, अजित सरमा आणि देबेश भट्टाचार्य यांनी २०१५ च्या सुमारास लाकूड, कोळसा आणि पॉलिप्रॉपिलीन यांची तिहेरी मिश्रणे तपासली, तेव्हा ताठरपणाबरोबरच जळताना बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा कमाल दरही खाली येतो असे आढळले. कारण जळणाऱ्या पृष्ठभागावर कोळशाचा थर साचतो आणि खालच्या प्लास्टिकपर्यंत उष्णता व प्राणवायू पोहोचू देत नाही. असे प्लास्टिक अग्निरोधक ठरते असे मुळीच नव्हे, ते फक्त सावकाश जळते.

उद्योगात पोहोचलेले सर्वांत ठळक उदाहरण २०१९ च्या डिसेंबरात फोर्ड आणि मॅकडोनाल्ड्स यांनी जाहीर केले. कॉफीचे बी भाजताना निघणारी साल कमी प्राणवायूत तापवून प्लास्टिकमध्ये मिसळली गेली आणि त्यापासून मोटारीच्या पुढच्या दिव्याचे कवच घडवले गेले. भाग सुमारे २० टक्क्यांनी हलके झाले आणि साच्यात घडवण्याची ऊर्जा २५ टक्क्यांपर्यंत वाचते असे त्या कंपन्यांनी सांगितले. हे दिवे पुरवणारी व्हॅरॉक लायटिंग ही मराठवाड्यातल्या वाळूजला मूळ असलेल्या व्हॅरॉक समूहाची तेव्हाची शाखा होती, ही गोष्ट मराठी वृत्तपत्रांत फारशी आली नाही. कंपनीने निवडलेला भाग पाहण्यासारखा आहे : दिव्याचे कवच आतल्या बाजूला लपलेले असते, काळे असले तरी चालते, त्याला उष्णता सोसावी लागते आणि थेट धक्का बहुधा लागत नाही. जैवकोळशाचे सारे गुणदोष या एका निवडीत नेमके ओळखले गेले आहेत.

रबराकडे थोडक्यात पाहिले तरी पुरते. तिथे स्पर्धा खडूशी नसून खनिज तेलापासून बनणाऱ्या काजळीशी आहे, आणि काजळीचे कण नॅनोमीटरमध्ये मोजायचे असल्याने सामान्य दळलेला कोळसा तिच्यापुढे फारच जाडा पडतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत कोळसा अतिसूक्ष्म दळून काजळीचा काही भाग बदलता येतो हे दिसून आले आहे, सगळी काजळी नव्हे.

महाराष्ट्रात या प्रश्नाची खरी जागा शोधायची तर ती कापसापाशी सापडते. लालबाग-परळच्या गिरण्यांनी शतकाहून अधिक काळ विदर्भ-खानदेशचा कापूस पचवला, हार्बर मार्गावरच्या एका स्थानकाला कॉटन ग्रीन हे नाव त्यावरूनच पडले, पण मुंबईत आली ती रुई; झाडाचा उरलेला भाग, म्हणजे पऱ्हाटी, शेतातच राहिली. हेक्टरी साधारण दोन ते तीन टन कोरडी पऱ्हाटी निघते, जी रुईच्या कित्येक पट असते, आणि त्यातली थोडी चुलीत व बाकीची बांधावर जाळली जाते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात जे थैमान घातले त्यानंतर हंगाम संपताच पऱ्हाटी शेतातून हलवावी, तिच्यात अळीला मुक्काम करू देऊ नये, असा कृषितज्ज्ञांचा आग्रह वाढला, त्यामुळे ती गोळा करण्याला कोळशापलीकडचेही कारण मिळाले. दादरला लागून असलेल्या माटुंग्यात, एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर, या प्रश्नाची तिन्ही टोके सांभाळू शकतील अशा तीन संस्था आहेत. १९२४ मध्ये स्थापन झालेली आणि आज सिरकॉट नावाने ओळखली जाणारी केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी संशोधन संस्था पऱ्हाटीपासून दाबीव फळ्या आणि जळाऊ कांड्या बनवण्याचे तंत्र विकसित करून बसली आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली, जुन्या पिढीला यूडीसीटी म्हणूनच ठाऊक असलेली रसायन तंत्रज्ञान संस्था पॉलिमर आणि पृष्ठलेपनाचे शास्त्र शिकवते. आणि १८८७ मध्ये भायखळ्यात सुरू होऊन १९२३ मध्ये माटुंग्यात आलेली व्हीजेटीआय यंत्र आणि वस्त्र अभियांत्रिकीची आहे. कच्च्या मालाचे ज्ञान एका आवारात, पॉलिमरचे दुसऱ्यात आणि यंत्राचे तिसऱ्यात, अशी रचना देशात सहसा आढळत नाही.

अडचण आहे ती वाहतुकीची. पऱ्हाटी वेडीवाकडी व पोकळ साचते, ट्रक वजनाने भरण्याआधी आकारमानाने भरतो, आणि यवतमाळची काडी मुंबईला आणून जाळण्यात शहाणपण नाही. कोळसा शेताजवळच पाडावा लागेल. मग हेक्टरी सहाशे ते नऊशे किलो कोळसाच काय तो हलवावा लागतो. या बाबतीत मोठा धडा पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने घालून दिला आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा पाडण्याची फिरती भट्टी बनवली आणि त्या कामाला २००२ मध्ये ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा चुलीसाठी होता, त्यामुळे एका भट्टीचा माल दुसरीपेक्षा उन्नीस-बीस निघाला तरी स्वयंपाक अडत नसे. प्लास्टिकच्या कारखान्याला तसा चालत नाही; त्याला प्रत्येक पोत्यात तोच कणाचा आकार, तीच राख आणि तीच ओल लागते. ओल विशेष महत्त्वाची, कारण सच्छिद्र कोळसा पावसाळी हवेतून बाष्प ओढतो आणि ते २०० अंशांच्या वितळीत फुटले की वस्तूच्या पृष्ठभागावर चांदीसारखे ओरखडे उठतात. विखुरलेल्या भट्ट्या आणि एकसारखा माल यांचा मेळ घालणे हे रसायनशास्त्राइतकेच संघटनेचे काम आहे, आणि कातकऱ्यांच्या भट्ट्यांवरील वेठबिगारीचा इतिहास पाहता, भट्टीवर कोण राबणार आणि धूर कोण गिळणार हा प्रश्नही ‘शाश्वत’ या विशेषणात मोजला गेला पाहिजे.

शहराच्या आतही कच्चा माल आहे, पण तो दिसतो तितका सोयीचा नाही. दादरच्या फुलबाजारातला पालापाचोळा आणि गणेशोत्सवातले निर्माल्य बहुतांशी पाणीच असते; ते वाळवण्यात जेवढी उष्णता खर्च होईल तेवढी कोळशातून परत मिळणार नाही, तेव्हा त्याचे खत करणेच रास्त. गिरगाव चौपाटीवरच्या शहाळ्यांचेही तेच : हिरवे कवच ओलेगच्च व तंतुमय असते. देवळात फोडलेल्या पक्क्या नारळाची करवंटी मात्र सुकी, दाट आणि अत्यल्प राखेची असते, आणि तिचा कोळसा भरद्रव्य म्हणून पहिल्या प्रतीचा ठरतो. अडचण एवढीच की पाणी शुद्ध करणाऱ्या सक्रिय कोळशाचे कारखानदार तिच्यासाठी आधीच बरा भाव देतात. चांगला कोळसा चांगल्या कामाला गेलेला असणे ही तक्रार करण्याजोगी बाब नव्हे.

भावाच्या तराजूत खडूची पूड फार स्वस्त आहे, त्यामुळे पांढऱ्या किंवा रंगीत वस्तूंच्या बाजारात जैवकोळशाला वाव नाही. तो कोणत्याही प्लास्टिकला काळे करून सोडतो. पण मुंबईत एक मोठा बाजार असा आहे जिथे काळेपणा आधीच गृहीत धरलेला आहे. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये रंगीबेरंगी भंगार वितळवून त्याचा पुन्हा दाणा बनवला जातो, आणि मिसळलेले रंग झाकण्यासाठी बऱ्याचदा त्यात काजळीचा मास्टरबॅच, म्हणजे दाट रंग भरलेला प्लास्टिकचा दाणा, घालून काळा दाणा केला जातो. त्यापासून बादल्या, कुंड्या, पाइप, विजेच्या पट्ट्या घडतात. पुन्हा पुन्हा वितळलेले पॉलिमर ढिले पडलेले असते आणि त्याला ताठरपणाचीच गरज असते. जैवकोळशाने पहिले पाऊल टाकायचे तर ते इथे, कुंड्या आणि केबलच्या पट्ट्यांत, पाण्याच्या दाबाच्या पाइपांत किंवा डोक्यावरच्या शिरस्त्राणात नव्हे. अन्नाला लागणाऱ्या भांड्यांत तर नकोच, कारण उष्माविघटन नीट झाले नाही तर कोळशावर बहुवलयी सुगंधी हायड्रोकार्बन, ज्यांतली काही कर्करोगजनक आहेत, चिकटून राहतात. २०१२ पासून लागू असलेल्या युरोपीय बायोचार प्रमाणपत्रात त्यांची मर्यादा घातलेली आहे आणि हायड्रोजन व सेंद्रिय कार्बन यांच्या अणूंचे गुणोत्तर ०.७ च्या आत असावे अशी अट आहे, जिच्यावरून कोळसा पुरता पडला की अर्धवट राहिला हे कळते.

कार्बनच्या जमाखर्चात जैवकोळशाचे पारडे जड आहे, पण अटींसह. ७५ टक्के कार्बन असलेला एक किलो कोळसा सुमारे पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड हवेबाहेर धरून ठेवतो, आणि वस्तूत अडकलेला असेपर्यंत तो तसाच राहतो. त्यातून भट्टी पेटवण्याचा, दळण्याचा, वाळवण्याचा आणि वाहतुकीचा खर्च वजा करावा लागतो, आणि भट्टीतून निघणारा ज्वलनशील वायू जाळून टाकला नाही, नुसताच मोकळा सोडला, तर त्यातला मिथेन सारी बचत खाऊन टाकू शकतो. वस्तू शेवटी भट्टीत जाळली गेली तर साठवलेला कार्बन त्याच दिवशी परत हवेत जातो. म्हणून दहा-वीस वर्षे टिकणाऱ्या वस्तूत तो घालण्याला अर्थ आहे, दोन दिवसांत फेकायच्या डब्यात नाही. आणि तशा एकदाच वापरायच्या वस्तूंपैकी बऱ्याच राज्याच्या २०१८ च्या व केंद्राच्या जुलै २०२२ च्या बंदीत येतात.

वस्तू भंगारात परत आल्यावर काय होते, याचा विचार सर्वांत कमी झाला आहे. भंगार निवडणारे कारागीर प्लास्टिक ओळखतात ते जळताना येणाऱ्या वासावरून, वाकवून, आणि पाण्याच्या टाकीत टाकून : पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पीव्हीसी आणि पेट बुडतात. वजनाने २० टक्के शंखजिरे घातलेले पॉलिप्रॉपिलीन बुडते आणि आपोआप वेगळे पडते. वर दिलेल्या घनता धरल्या तर कोळसा घातलेले पॉलिप्रॉपिलीन सुमारे २४ टक्क्यांपर्यंत तरंगतच राहते, आणि छिद्रे पुरती भरली नसतील तर त्याहूनही पुढे. म्हणजे ते भरद्रव्य नसलेल्या मालात बेमालूम मिसळते आणि पुढच्या दाण्याचा ताठरपणा, चिवटपणा व राख कुणाला न कळता बदलते. त्याहून जास्त कोळसा असेल तर ते पीव्हीसीच्या ढिगात जाऊन बसते आणि दोन्ही माल बिघडतात. पाश्चात्त्य देशांत अवरक्त किरणांनी प्लास्टिक निवडणारी बहुतेक यंत्रे काळा रंग वाचू शकत नाहीत, आणि काजळीप्रमाणेच कोळसाही ते किरण शोषून घेतो, त्यामुळे तिथेही हा प्रश्न सुटलेला नाही. धारावीत निदान निवडणारा माणूस आहे, आणि वस्तूच्या तळाशी ‘पीपी’ या अक्षरांशेजारी कोळशाची टक्केवारी उठवलेली असेल तर तो ती वाचू शकतो.